तुक्का मारावा की प्रश्न सोडावा? निगेटिव्ह मार्किंगचा हिशेब, पायरीपायरीने

ठाण्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत पूर्व परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी जाऊन बसा. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती अटेम्प्ट केलेस?" कुणी ८५ म्हणतं, कुणी ७०, आणि ७० वाल्याचा चेहरा लगेच पडतो. या प्रश्नाच्या उत्तरातून गुणांबद्दल काहीही कळत नाही, तरी तो वर्षानुवर्षं विचारला जातो.

दोन मुलं घेऊ. दोघांनी १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा पेपर दिला. पहिल्याने ८५ प्रश्न सोडवले, ५५ बरोबर आले, ३० चुकले. दुसऱ्याने ७० सोडवले, ५२ बरोबर, १८ चूक. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापतात. तिथे पहिल्याला ११० वजा २०, म्हणजे ९० गुण मिळतील. दुसऱ्याला १०४ वजा १२, म्हणजे ९२. हेच आकडे एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वमध्ये टाका, जिथे एक चतुर्थांश कापतात. पहिल्याला ११० वजा १५, दुसऱ्याला १०४ वजा ९. दोघेही ९५ वर.

फरक पडला तो जादाच्या १५ प्रश्नांमुळे. पहिल्याचे त्यातले ३ बरोबर आले आणि १२ चुकले. यूपीएससीत त्या १५ प्रश्नांनी त्याचे दोन गुण खाल्ले, एमपीएससीत ना नफा ना तोटा. म्हणून विचारायचं ते एवढंच: शेवटच्या, खात्री नसलेल्या प्रश्नांनी तुला काय दिलं? हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर घरी बसून, आकड्यांनी कसं काढायचं याबद्दल आहे.

पहिली पायरी: आपल्या परीक्षेचा उंबरठा काढा

जाहिरात किंवा माहितीपत्रक उघडा आणि तीन गोष्टी वहीत लिहा. बरोबर उत्तराला किती गुण, चुकीला किती कपात, आणि पर्याय किती. चौथी गोष्ट बहुतेक जण वाचतच नाहीत: कोणत्या प्रश्नांना कपात लागू नाही.

आता एक साधा भागाकार. कपातीला, गुण आणि कपात यांच्या बेरजेने भागा. येणारा आकडा हा तुमचा उंबरठा. उत्तर बरोबर येण्याची शक्यता त्याहून जास्त असेल तर प्रश्न सोडवणं फायद्याचं, कमी असेल तर तोट्याचं.

यूपीएससी पूर्वमध्ये २ गुण आणि ०.६७ कपात. ०.६७ भागिले २.६७, म्हणजे २५ टक्के. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी बरोबर येण्याची शक्यता २५ टक्केच. म्हणजे आंधळ्या तुक्क्याने सरासरी ना मिळतं ना जातं. रेल्वेच्या एनटीपीसी या भरती परीक्षेचं गणित हेच, कारण तिथेही एक तृतीयांश कपात आणि चार पर्याय. एक तृतीयांश हा आकडा उगाच आलेला नाही. चार पर्यायांत तीन चुकीचे असतात, आणि त्या तिघांनी मिळून एका बरोबर उत्तराची कमाई खोडावी असा त्यामागचा हिशेब आहे.

एमपीएससीत २ गुण आणि अर्धा गुण कपात, उंबरठा २० टक्के. इथे आंधळा तुक्कासुद्धा किंचित फायद्यात पडतो, प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.१२ गुण. एसएससी सीजीएलच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पदवीधर भरती परीक्षेच्या, पहिल्या टप्प्यात हेच. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटला अधिक ४, वजा १, उंबरठा पुन्हा २० टक्के. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाच्या सीयूईटीत अधिक ५, वजा १, उंबरठा जेमतेम १७ टक्के. एमबीए प्रवेशाच्या कॅटमध्ये पर्याय दिलेल्या प्रश्नांत अधिक ३, वजा १, म्हणजे २५ टक्के.

बँकेच्या परीक्षांपाशी जरा थांबा. आयबीपीएसच्या पीओ, म्हणजे बँक अधिकारी पदाच्या, पूर्व परीक्षेत एक चतुर्थांश कपात आहे, म्हणून मुलं एमपीएससीचंच गणित तिथे लावतात. पण तिथे पर्याय पाच. आंधळ्या तुक्क्याची शक्यता २० टक्के, उंबरठाही २० टक्के, हाती शून्य. पर्याय मोजायला विसरलात तर उरलेलं सगळं गणित फुकट.

आणि जिथे कपातच नाही, तिथे उंबरठा शून्य. एमएचटी-सीईटी, यूजीसी नेट, महाराष्ट्र पोलीस भरतीची लेखी परीक्षा: यांत एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे मिळणारे गुण नाकारणं. सीईटीच्या गणितात प्रत्येक प्रश्नाला २ गुण. शेवटचे दहा प्रश्न न वाचता भरले तरी सरासरी ५ गुण येतात, आणि पर्सेंटाइलच्या खेळात ५ गुण लहान नसतात. वेळ संपायच्या तीन मिनिटं आधी हात थांबवा आणि उरलेलं सगळं भरा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

उत्तर पर्यायांतून निवडायचं नसून स्वतः लिहायचं असतं, त्या प्रश्नांचं वेगळं. जेईई मेनमध्ये अशा संख्यात्मक प्रश्नांनाही वजा १ आहे. तिथे तुक्का म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, सोडून द्या. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या गेटमध्ये मात्र संख्यात्मक प्रश्नांना कपात नाही, तिथे काहीतरी लिहून या.

दुसरी पायरी: "एक चुकलं की पाच गेले" हे डोक्यातून काढा

घणसोलीहून नौपाड्यात अभ्यासाला येणारी नीटची एक मुलगी परवा म्हणाली, "सर, एक चुकलं की पाच जातात ना?"

"पाच कुठून आले?"

"चार मिळायचे ते गेले, आणि वर एक वजा."

हा गैरसमज घरोघरी आहे. बरोबर उत्तराशी तुलना केली तर पाचाचा फरक खरा. पण परीक्षेत तुमच्यापुढे "बरोबर उत्तर देऊ की चुकीचं" अशी निवड नसते. निवड असते ती "लिहू की सोडू" अशी. सोडलं तर शून्य. लिहून चुकलं तर वजा १. म्हणजे धोका एका गुणाचा, मिळकत चाराची. पाचाची भीती बाळगणारी मुलं दोन पर्यायांत अडकलेले प्रश्नसुद्धा सोडून येतात. तिथे सरासरी दीड गुण पडून असतात, आणि असे वीस प्रश्न म्हणजे ३० गुण.

एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर किती मिळतं? यूपीएससीत प्रश्नामागे सरासरी ०.२२, एमपीएससीत ०.३३. दोन बाद झाले तर अनुक्रमे ०.६७ आणि ०.७५. या आकड्यांतला "खात्रीने" हा शब्द मात्र पक्का धरा, पुढचा सगळा घोळ तिथेच आहे.

तिसरी पायरी: पर्याय बाद करायला शिका

विधानांच्या प्रश्नांवर हे सर्वांत चांगलं जमतं. आपल्याच भागावरचा एक नमुना करून बघू.

अ) उल्हास नदी अरबी समुद्राला मिळते. ब) ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा आहे. क) पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. ड) कर्नाळा पक्षी अभयारण्य ठाणे जिल्ह्यात आहे. योग्य विधाने कोणती?
पर्याय: १) फक्त अ आणि ब, २) अ, ब आणि क, ३) ब, क आणि ड, ४) वरील सर्व.

बहुतेक जण अ पासून सुरुवात करतात आणि ब पाशी अडकतात, कारण रामसरची, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांची, यादी पाठ नसते. पण पर्याय नीट पाहा. ब चारही पर्यायांत आहे. त्यावर एक सेकंदही घालवायचा नाही. आपल्याला पक्कं काय माहीत आहे? कर्नाळा पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडात. ड चूक ठरलं की ३ आणि ४ एकदम गेले. उरले १ आणि २, आणि त्यांच्यात फरक फक्त क चा. पालघर २०१४ साली वेगळा झाला हे ठाण्याच्या मुलाला माहीत असतंच. उत्तर २. ब ला हातही न लावता, आणि अ चा विचारही न करता.

तेव्हा सवय अशी लावा: विधानं एकदा वाचली की थेट पर्यायांकडे जा, सर्वांत पक्कं माहीत असलेलं विधान आधी घ्या, आणि उरलेल्या पर्यायांत नेमका फरक कुठे आहे तेवढंच शोधा.

यूपीएससीला हे कळत नाही असं समजू नका. २०२३ च्या पेपरात "वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?" या धाटणीचे प्रश्न भरपूर आले. पर्याय: फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, एकही नाही. इथे एक विधान चूक आहे हे कळलं तर फक्त "तिन्ही" जातं, एक बरोबर आहे हे कळलं तर फक्त "एकही नाही". एका विधानाच्या बळावर दोन पर्याय कधीच उडत नाहीत. अशा प्रश्नात किमान दोन विधानं पक्की माहीत नसतील तर यूपीएससीत मी तो शेवटच्या फेरीला ठेवायला सांगतो.

क्लासमधल्या जुन्या युक्त्या, म्हणजे सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो, "फक्त" किंवा "कधीच नाही" असलेलं विधान चूक असतं, यांवर माझा फारसा विश्वास नाही. प्रश्न काढणाऱ्यांनीही त्या ऐकलेल्या असतात. वापरायच्याच असतील तर त्या तुमच्या वहीत खऱ्या ठरतात का ते आधी बघा. ती वही कशी ठेवायची ते आता.

चौथी पायरी: खात्रीची वही

आतापर्यंतचं गणित सोपं होतं. अवघड एकच गोष्ट आहे: "मला पन्नास टक्के खात्री आहे" असं जेव्हा तुम्ही म्हणता, तेव्हा खरंच निम्मी उत्तरं बरोबर येतात का? बहुतेकांना हे माहीत नसतं. दुकानदार उधारी तोंडी ठेवत नाही, वहीत लिहितो, इथेही तसंच.

मॉक, म्हणजे सरावाचा, पेपर सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे, त्याच क्षणी, एक अक्षर लिहा. ख म्हणजे खात्री. द म्हणजे दोन पर्यायांत अडकलो. त म्हणजे तिघांत अडकलो, एकच बाद झाला. आ म्हणजे आंधळा. अक्षर नंतर, उत्तरसूची बघून लिहिलं तर काही उपयोग नाही, कारण तेव्हा मन सगळ्यालाच "मला माहीत होतं" म्हणतं. आणि मॉकमध्ये सगळेच्या सगळे प्रश्न भरा, आंधळेसुद्धा. गुण मोजताना ते वेगळे काढता येतात, पण भरलेच नाहीत तर नोंद होणार नाही.

समजा सहा पेपरांनंतर, ६०० प्रश्नांचा हिशेब असा आला: ख २७०, त्यातले २४३ बरोबर. द १५०, बरोबर ६६. त ९०, बरोबर २७. आ ९०, बरोबर १७.

एमपीएससीच्या हिशेबाने द मधून सहा पेपरांत ९० गुण आले, म्हणजे पेपरामागे १५. त मधून पेपरामागे पावणेचार. आ मधून जवळपास काहीच नाही, अर्धा गुण तोटाच. यूपीएससीच्या हिशेबाने तेच आकडे: द पेपरामागे साधारण पावणेतेरा, त फक्त दोन, आणि आ मध्ये जवळजवळ अडीच गुणांचं नुकसान. या मुलाने एमपीएससीत द आणि त दोन्ही लिहावेत. यूपीएससीत द लिहावेत, त मधले निवडक घ्यावेत, आ ला हात लावू नये.

आता ख कडे बघा, तिकडे कुणी बघत नाही. २७० पैकी २७ चुकले. खात्रीचे! प्रत्येकी २ गुण गेले आणि वर अर्धा कापला. एकूण साडेसदुसष्ट, पेपरामागे सव्वाअकरा गुण. तुक्क्यांची भीती घेऊन बसलेल्या मुलाचे खरे गुण इथून गळतायत. या २७ प्रश्नांची यादी काढली की बहुतेक वेळा तीच कारणं सापडतात: "अयोग्य विधान ओळखा" मधला "अ" वाचलाच नाही, जोड्यांचा क्रम उलटा धरला, उत्तर २ काढलं आणि रंगवलं ३.

मग द विषयवार फोडा. समजा १५० पैकी ३० अर्थव्यवस्थेचे होते आणि त्यातले फक्त ६ बरोबर आले, बाकीच्या १२० मध्ये ६०. नाणं उडवलं असतं तरी ३० पैकी १५ च्या आसपास आले असते. ६ आले याचा अर्थ दुर्दैव नाही. याचा अर्थ तुमच्या डोक्यात अर्थव्यवस्थेतल्या काही गोष्टी उलट्या बसल्या आहेत, रेपो आणि रिव्हर्स रेपोसारख्या, आणि प्रश्न काढणाऱ्याने नेमका तोच दुसरा पर्याय समोर ठेवलाय. अर्धवट माहिती ही अज्ञानापेक्षा महाग पडते ती अशी. त्या विषयापुरता नियम बदला: द असला तरी सोडा, किंवा आधी तो विषय दुरुस्त करा.

लहान आकड्यांवरून निष्कर्ष मात्र काढू नका. ६० आंधळ्या उत्तरांत १५ ऐवजी १२ बरोबर आले तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. ६ आले तर विचार करा. एका गटात पन्नास-साठ नोंदी जमेपर्यंत नियम ठरवण्याची घाई नको.

पाचवी पायरी: परीक्षागृहात

राज्यसेवा पूर्वच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात १०० प्रश्न आणि दोन तास असतात. पहिल्या फेरीत फक्त ख. प्रश्नपुस्तिकेतच उत्तराला खूण आणि बाजूला अक्षर. द, त असेल तर बाद झालेल्या पर्यायावर रेघ मारून पुढे. दुसऱ्या फेरीत द. इथे उत्तर बदलावंसं वाटलं तर बदला. "पहिलं मनात आलं तेच बरोबर" हा समज चुकीचा आहे. उत्तरं बदलण्यावर झालेल्या अभ्यासांत चुकीचं बरोबर होण्याचं प्रमाण उलट्यापेक्षा जास्तच आढळलं आहे. पण बदल पुस्तिकेत करा. ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, पेन टेकलं की विषय संपला. म्हणून गोल रंगवायचं काम पंचवीस-पंचवीस प्रश्नांच्या गठ्ठ्यांत करा, सगळं शेवटच्या दहा मिनिटांवर ढकलू नका.

तिसऱ्या फेरीत त, आणि तुमच्या वहीने परवानगी दिली असेल तरच आ. आंधळे भरायचेच ठरले तर सगळीकडे एकच पर्याय रंगवला काय किंवा मिसळून रंगवले काय, सरासरीत फरक पडत नाही. एकच रंगवल्याने वेळ वाचतो इतकंच.

सरासरी शून्य म्हणजे निकाल शून्य नव्हे, हेही लक्षात असू द्या. एक तृतीयांश कपातीत २० आंधळे भरले तर तीनात दोन वेळा निकाल साधारण अधिक ५ ते वजा ५ गुणांच्या मध्ये कुठेतरी पडेल. ज्याला पेपर चांगला गेल्याची जाणीव आहे त्याने हा झोका घेऊ नये. ज्याचे पहिल्या दोन फेऱ्यांत पंचेचाळीसच प्रश्न झालेत, त्याच्याकडे गमावण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

सीसॅटला, म्हणजे पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या, आकलन आणि बुद्धिमापनाच्या पेपराला, हाच विचार जास्त ठळकपणे लागू होतो. यूपीएससीत आणि आता एमपीएससीतही तो फक्त पात्रतेचा, २०० पैकी ६६ गुण हवेत. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. ४५ सोडवले, ३२ बरोबर आणि १३ चूक आले तर यूपीएससीत ६९ आणि एमपीएससीत जवळपास ७२ होतात, काम झालं. तिथे आणखी वीस तुक्के मारून ९० करण्यात काही मिळत नाही, कारण मेरिटमध्ये हे गुण धरतच नाहीत. एमपीएससीच्या सीसॅटमधल्या निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना मात्र कपात नाही, ते एकही सोडू नका.

एमपीएससीची संयुक्त पूर्व आणि बँकांच्या परीक्षा वेगळ्या जातीच्या. १०० प्रश्न, एक तास, प्रश्नाला ३६ सेकंद. तिथे खरी कपात वेळेची. ऐरोली किंवा महापेच्या केंद्रावर संगणकासमोर बसून एका कोड्यावर चार मिनिटं घालवणं, हे सहा प्रश्न न वाचता सोडण्याइतकं महाग आहे. दोन पर्याय उरले आणि ३६ सेकंद संपले, तर उत्तर द्या आणि पुढे जा.

पेपरानंतर

प्रश्नपुस्तिका घरी मिळाली असेल तर ती अक्षरांसकट जपून ठेवा. एमपीएससी आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करते, हरकती मागवते, मग अंतिम तालिका येते, आणि अधूनमधून काही प्रश्न रद्दही होतात. म्हणून गुणांचा हिशेब दोन्ही वेळा करा, पण वहीत नोंद अंतिम तालिकेवरूनच घ्या. घरच्या मॉकपेक्षा ही एक ओळ जास्त मोलाची, कारण केंद्रावरच्या दडपणाखाली तुमचा द किती टक्क्यांवर येतो हे फक्त तिथेच कळतं. संगणकावरच्या परीक्षेत आपली उत्तरं लॉगिन करून थोडेच दिवस बघता येतात. लिंक बंद व्हायच्या आत ती उतरवून घ्या. अक्षरं लिहायला तिथे कच्च्या कामाचा कागद असतो, पण तो परत घेतात, त्यामुळे ख, द, त, आ चे नुसते आकडे लक्षात ठेवून बाहेर पडल्या पडल्या फोनमध्ये टाका.